गोव्यात लग्नाचे फोटो काढायचेत? कॅमेरा, लेन्स आणि बाकीची बॅग अशी ठरवा

लग्नाच्या फोटोग्राफीत नवीन उतरणारी आपल्याकडची पोरं-पोरी पहिला प्रश्न हाच विचारतात की कॅमेरा कुठला घेऊ, सोनी बरा का कॅनन बरा, आणि मी उलट विचारतो की लग्न कुठे आहे ते आधी सांग. कारण फोंड्याकडच्या देवळाच्या हॉलमधलं लग्न, सासष्टीतल्या चर्चमधलं लग्न आणि मोरजीच्या वाळूवरचं लग्न ही तीन वेगळी कामं आहेत, उजेड वेगळा, अंतर वेगळं, उभं राहायला मिळणारी जागा वेगळी. जागा कळली की लेन्स ठरते, लेन्स ठरली की बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) ठरते. बहुतेकजण हे उलटं करतात, आधी ऑफरमधली नवी बॉडी, तिच्यासोबत मिळाली ती किट लेन्स, आणि मग मुहूर्ताच्या वेळी फोटो एकतर काळे नाहीतर हललेले. म्हणून खाली मी त्याच क्रमाने सांगतोय ज्या क्रमाने पैसे खर्च करावेत असं मला वाटतं. किमती मुद्दाम लिहीत नाही, त्या सारख्या बदलतात, आणि सेकंडहँडच्या तर माणसागणिक बदलतात.

आधी जागा पावलांनी मोजा

काम मिळालं की लग्नाच्या आधी एकदा त्या जागेवर जाऊन या, शक्यतो लग्न ज्या वेळेला लागणार त्याच वेळेला, कारण सकाळी अकराला खिडकीतून येणारा उजेड संध्याकाळी पाचला नसतो. तुम्हाला जिथे उभं राहायला मिळेल तिथून नवरा-नवरी जिथे असतील तिथपर्यंत पावलं टाकून अंतर काढा, साधारण किती मीटर ते.

मग एक सोपा हिशोब करा. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर (फोटो टिपणारी चिप) ३६ मिलिमीटर रुंद असतो. अंतर मीटरमध्ये घ्यायचं, त्याला ३६ ने गुणायचं आणि लेन्सच्या फोकल लेन्थने (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा) भागायचं, जे उत्तर येतं तेवढे मीटर रुंदीचं दृश्य आडव्या फ्रेममध्ये बसतं. क्रॉप सेन्सर, म्हणजे त्याहून लहान सेन्सर असेल तर ३६ च्या जागी २४ धरा, कॅननच्या क्रॉपला २२.

मंडपात गर्दी असते, तुम्ही जोडप्यापासून अडीच मीटरवर दाबले गेलेले असता. तिथे २४ मिमी लेन्स लावली तर जवळजवळ पावणेचार मीटर बसतात, म्हणजे नवरा, नवरी, भटजी, दोन्हीकडचे आईवडील सगळे आले. तिथेच ५० मिमी लावली तर फक्त १.८ मीटर, जोडपं बसेल पण मागच्या बहिणीचे डोळे पाणावलेत ते फ्रेमच्या बाहेर. आता चर्चमध्ये या. तिथे अल्टरपासून बारा मीटरवर थांबावं लागलं तर ७० मिमीने सहा मीटर रुंद दृश्य येतं, त्यात जोडपं इवलंसं दिसणार, आणि २०० मिमीने दोन मीटरच्या थोडं वर, म्हणजे अंगठी घालतानाचे दोघे फ्रेम भरून. हा हिशोब एकदा करून बघितलात की कुठली लेन्स घेऊ हा प्रश्न अर्धा सुटतो, कुणाचे रिव्ह्यू बघत बसायची गरज उरत नाही.

अंतरासोबत उजेडपण मोजा. कुणाचातरी कॅमेरा न्या, अपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) एफ २.८ ठेवा, शटर १/१२५ सेकंद, आणि आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील तो आकडा) किती लागतो ते बघा. १६०० लागला तर बरं आहे, ३२०० लागला तर आपल्या हॉलमध्ये हे नेहमीचंच, १२८०० लागला तर फ्लॅशशिवाय तिथे काम होणार नाही हे आत्ताच समजून घ्या.

आणि माणसांशी बोलून या. देवळात गाभाऱ्याजवळ फोटो चालतात का, मंडप कुठे घालणार, हे देवस्थानच्या ऑफिसात विचारायचं. चर्चमध्ये फ्लॅश चालेल का, अल्टरच्या किती जवळ जाता येईल, हे फादरना विचारायचं, प्रत्येक ठिकाणी नियम वेगळा असतो आणि लग्नाच्या दिवशी विधी चालू असताना कुणी हात करून मागे हटवलं तर तुमचाही मूड जातो आणि घरच्यांचाही.

लेन्स: पैसे इथे घाला

अपर्चरचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त, एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण किती जास्त ते लक्षात घ्या. एफ ५.६ पेक्षा एफ २.८ वर चौपट उजेड आत येतो. एफ २.८ पेक्षा एफ १.४ वर परत चौपट. बॉडीसोबत मिळणारी १८-५५ किट लेन्स झूम केली की ५.६ वर जाते, म्हणजे ज्या हॉलमध्ये एफ २.८ ला आयएसओ ३२०० पुरतो तिथे या लेन्सला १२८०० लागणार. नवी महागडी बॉडी घेऊन हाय आयएसओमध्ये जेवढा फायदा मिळतो त्यापेक्षा जास्त फायदा जुन्या बॉडीवर एफ २.८ ची लेन्स लावून मिळतो, आणि लेन्स पुढची कितीतरी वर्षं कामाला येते.

पहिली कामाची लेन्स म्हणजे २४-७० एफ २.८. देवळातल्या लग्नाचं बहुतेक काम हिच्यावरच निघतं. अंतरपाटाचा क्षण डोळ्यासमोर आणा. मंगलाष्टकं संपत आलेली, शेवटच्या ओळीला अंतरपाट खाली येणार, त्याच सेकंदाला अक्षता पडणार, वाजंत्री सुरू होणार, हार वर जाणार, आणि समोर चार काका मोबाइल वर करून उभे. तुम्ही अंतरपाटाच्या रेषेत, बाजूला, भटजींच्या खांद्याजवळ जागा धरलेली हवी म्हणजे दोघांचेही चेहरे मिळतात. आधी २४ ते ३५ च्या आसपास पूर्ण दृश्य, लगेच ७० ला जाऊन नवरीचा चेहरा, हे दोन-तीन सेकंदांत होतं आणि तेवढ्यात लेन्स बदलणं शक्यच नाही. म्हणून इथे झूम लागते, प्राइम (झूम न होणारी लेन्स) कितीही सुंदर असली तरी. शटर १/२५० च्या खाली जाऊ देऊ नका, हात आणि हार दोन्ही हलत असतात.

कंपनीचीच २४-७० घ्यायला हवी असं अजिबात नाही. सोनीला सिग्माची २४-७० एफ २.८ आर्ट आहे, २०१९ ची, आणि टॅमरॉनची २८-७५ एफ २.८ आहे, पहिली २०१८ ची आणि दुसरी पिढी २०२१ ची, दोन्ही लग्नात धडाधड वापरल्या जातात. २४ आणि २८ मधला फरक कागदावर छोटा दिसतो पण अडचणीच्या मंडपात जाणवतो, अडीच मीटरवरून २८ ला सव्वातीन मीटरच बसतात, त्यामुळे घरच्या ओटीवर होणारी लग्नं जास्त करणार असाल तर २४ वालीच बघा. निकॉन झेडला निकॉनची स्वतःची २८-७५ एफ २.८ आहे. कॅनन आरएफवाल्यांनी, म्हणजे कॅननच्या नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांवाल्यांनी, जुन्या डीएसएलआरची ईएफ २४-७० एफ २.८ सेकंडहँड घेऊन अॅडॅप्टर लावावा, ऑटोफोकस व्यवस्थित चालतो. सिग्मा-टॅमरॉनने २०२४ मध्ये आरएफसाठी ज्या लेन्स सुरू केल्या त्या क्रॉप सेन्सरच्या, त्यामुळे फुल फ्रेम कॅननवर स्वस्तात जायचं तर जुन्या ईएफ लेन्स हाच खरा मार्ग.

क्रॉप सेन्सरचा कॅमेरा असेल तर त्याच्यावर २४-७० लावू नका, ती ३६ पासून सुरू झाल्यासारखी वागते आणि मंडपात मागे सरकायला जागा नसते. सोनी किंवा फुजीला टॅमरॉन १७-७० एफ २.८ किंवा सिग्मा १८-५० एफ २.८ बघा, सिग्मावाली तर तीनशे ग्रॅमपेक्षा हलकी आहे, दिवसभर मनगट दुखत नाही. जुन्या डीएसएलआरला सिग्माची १७-५० एफ २.८ सेकंडहँड सहज मिळते.

दुसरी लेन्स एक उजळ प्राइम, ८५ एफ १.८ किंवा ५० एफ १.८. नवरीची तयारी, हळदीत आजीचा चेहरा, रिसेप्शनला स्टेजकडे येणारं जोडपं, असल्या फोटोंत मागचा पसारा विरघळून जातो आणि उजेडही भरपूर मिळतो. हातात पैसे अगदीच कमी असतील तर ५० एफ १.८ पासून सुरुवात करा, बऱ्याच ब्रँडमध्ये सगळ्यात स्वस्त लेन्सांपैकी ती एक असते. फक्त ग्रुप फोटो एफ १.८ वर काढू नका, पुढची रांग शार्प आणि मागची धूसर येते. दोन रांगा असतील तर एफ ५.६, तीन असतील तर त्याहून पुढे, आणि उजेड कमी पडला तर फ्लॅशने भरून काढा.

तिसरी ७०-२०० एफ २.८. महाग, जड, दीड किलोपर्यंत जाते, आणि फक्त देवळा-हॉलातली लग्नं करणार असाल तर पहिल्या वर्षी नाही घेतली तरी चालेल. पण चर्चची लग्नं घेणार असाल तर हिला पर्याय नाही. जुन्या चर्चमधला उजेड खरंतर फार छान असतो, पांढऱ्या चुन्याच्या भिंती, उंच छत, काही ठिकाणी अजून शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, त्यातून मऊ उजेड येतो, पण तुम्ही लांब असता आणि फ्लॅश बहुतेक बंद असतो. पाय वाजवत सारखं पुढे-मागे फिरणं तिथे बरं दिसत नाही. सोनीला टॅमरॉनची ७०-१८० एफ २.८ हलकी पडते. टॅमरॉन ३५-१५० एफ २-२.८ ही सोनी आणि निकॉन झेडला मिळते, वजन किलोच्या वर, पण एकट्याने काम करणाऱ्याला एका लेन्सवर जवळजवळ अख्खं लग्न निघतं. पहिल्या काही कामांना ही लांबची लेन्स भाड्यानेच आणा, पणजी, म्हापसा, मडगावात भाड्याने देणारे आहेत, आणि सीझनच्या तारखांना आधी सांगून ठेवा कारण सगळ्यांना त्याच मुहूर्ताला लागते.

अंगठ्या, मंगळसूत्र, चुड्याच्या क्लोजअपसाठी वेगळी मॅक्रो घ्यायची घाई नको. कॅननची आरएफ ३५ एफ १.८ अर्ध्या आकारापर्यंत मॅक्रो करते, एका लेन्समध्ये दोन कामं. बाकीच्यांनी ५० वर एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि बॉडीच्या मधली पोकळ नळी) लावली तरी भागतं. आणि १६ किंवा १४ मिमीच्या अतिवाइड लेन्सच्या मागे लागू नका, कडेला उभ्या मावशी दुप्पट रुंद दिसतात आणि अल्बम बघताना त्या विसरत नाहीत.

बॉडी: दोन कार्ड स्लॉट, मग बाकीचं

नवरा-नवरी परत लग्न लावणार नाहीत, त्यामुळे बॉडीत सगळ्यात पहिलं बघायचं ते दोन कार्ड स्लॉट. प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहिला जाईल असं सेटिंग करायचं, एक कार्ड मेलं तरी लग्न शिल्लक राहतं. मेगापिक्सेल २० ते २४ असले तरी मोठा अल्बम व्यवस्थित छापता येतो, जास्त मेगापिक्सेल म्हणजे जास्त हार्डडिस्क आणि जास्त वेळ एडिटिंग.

आता नावं. सोनी ए७ थ्री, २०१८ चा, २४ मेगापिक्सेल, दोन स्लॉट, मोठी बॅटरी, आणि सेकंडहँड बाजारात भरपूर. घेताना फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) ३.० किंवा पुढचं आहे ना बघा, डोळा पकडून ठेवणारा रिअल टाइम ऑटोफोकस त्यातच आला. निकॉनमध्ये झेड५, २०२० चा, दोन एसडी स्लॉट, बर्स्ट (सलग फोटो काढणं) हळू आहे पण नवशिक्याला पुरतो. झेड६ घ्यायचा तर पहिला नको कारण त्याला एकच स्लॉट, झेड६ टू बघा. कॅननमध्ये आर६ किंवा २०२२ चा आर६ मार्क टू, दोन्हीला दोन एसडी स्लॉट. आर८ स्वस्त आणि फोटो उत्तम, पण स्लॉट एक आणि बॅटरी छोटी, त्यामुळे दुसरी बॉडी म्हणून ठीक, मुख्य म्हणून मी कुणाला सांगणार नाही. आरपीचंही तेच. क्रॉपमध्ये दोन स्लॉट हवे असतील तर फुजी एक्स-टी३ किंवा एक्स-टी४, कॅनन आर७.

फारच कमी पैसे असतील तर कॅनन ५डी मार्क थ्री किंवा निकॉन डी७५० ला हसू नका. दोन्हीला दोन स्लॉट, बॅटरी दिवसभर चालते, ३२०० ला फोटो अजूनही चांगले येतात, आणि देशभरातल्या लग्नांचे अल्बम वर्षानुवर्षं अशाच कॅमेऱ्यांनी भरले. मिररलेसचा डोळ्यावरचा फोकस यांच्यात नाही, फोकस पॉइंट स्वतः हलवायला शिकावं लागतं, एवढंच.

सायलेंट शटरबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. चर्चमध्ये आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावतो आणि घरी येऊन बघतो तर फोटोभर आडवे पट्टे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे एलईडी आणि ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, आणि इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतो म्हणून ते लुकलुकणं पट्ट्यांसारखं उमटतं. खिडकीच्या उजेडात सायलेंट चालेल, एलईडीखाली मेकॅनिकल शटर आणि वेग १/१०० किंवा १/५०, किंवा कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर तो चालू. स्टेजमागची एलईडी वॉल वेगळ्याच वेगाने लुकलुकते, तिथे पाहुणे यायच्या आधी दोन-चार शटर स्पीड लावून बघा. आणि डीजेचे लेझर थेट लेन्समध्ये येऊ देऊ नका, सेन्सर कायमचा जळू शकतो, नाचाच्या वेळी लेझर कुठे फिरतो ते आधी बघून उभे राहा.

दुसरी बॉडी पहिल्याच कामापासून हवी. विकत नाही घेता आली तर भाड्याची, मित्राची, कशीही, पण त्याच माउंटची (लेन्स बसते ती जागा) म्हणजे लेन्स दोन्हीला चालतात. एकावर २४-७०, दुसऱ्यावर ८५ किंवा ७०-२००, दोन्ही खांद्यावर, मग लेन्स बदलायचा प्रश्नच कमी होतो. आणि समुद्रावर लेन्स बदलूच नका, वाळू आणि खारा वारा थेट सेन्सरवर.

फ्लॅशचे पैसे आधीच बाजूला काढा

रिसेप्शन. स्टेजला जांभळे-निळे पार लाइट, व्हिडिओवाल्याचा एलईडी समोरून, आणि लॉनवर असेल तर वर काळं आभाळ. हॉलमध्ये छत पांढरं आणि बेताच्या उंचीचं असेल तर कॅमेऱ्यावरचा फ्लॅश वर किंवा मागच्या भिंतीवर मारून मऊ उजेड मिळतो, पण पत्र्याच्या उंच शेडमध्ये किंवा लॉनवर फ्लॅश वर करून काही परत येत नाही, नुसती बॅटरी जाते. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, हे लक्षात ठेवून तिथे एक फ्लॅश स्टँडवर, छत्री किंवा छोटा सॉफ्टबॉक्स लावून, स्टेजच्या कोपऱ्यात उभा करा आणि ट्रिगरने (कॅमेऱ्यावरून दूरचा फ्लॅश वायरशिवाय उडवणारं यंत्र) चालवा. स्टँडला वाळूची पिशवी बांधा, मुलं धावत असतात.

सुरुवातीला गोडॉक्सची सिस्टिम सोयीची, टीटी६८५ चार पेन्सिल सेलवर चालतो, व्ही१ ला लिथियम बॅटरी आणि गोल डोकं, आणि स्टँडवर मोठा हवा तर एडी२००. कॅमेऱ्यावर बसणारा फ्लॅश आणि ट्रिगर तुमच्या ब्रँडचा घ्यावा लागतो, पण स्टँडवरचे फ्लॅश उद्या ब्रँड बदललात तरी चालतात. पेन्सिल सेलवाला असेल तर साधे सेल नको, रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइडचे दोन-तीन सेट ठेवा.

बीचवरच्या लग्नाला सूर्य समुद्रात जाताना जोडपं त्याच्यासमोर उभं असतं, चेहरे काळे येतात. फ्लॅश नेहमीच्या मोडमध्ये १/२०० किंवा १/२५० पर्यंतच चालतो, त्यामुळे उन्हात एफ २ वर फोटो काढायचा तर हाय स्पीड सिंक असलेला फ्लॅश लागतो, विकत घेताना हे विचाराच. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो आणि तो सोनेरी उजेड फार थोडा वेळ टिकतो, म्हणून फ्लॅशचं सेटिंग पाच वाजता जमवून ठेवायचं. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद होतो म्हणून बऱ्याच ठिकाणी केक, टोस्ट, पहिला नाच सगळं भराभर उरकतात, तेव्हा बॅटऱ्या शोधत बसायला वेळ मिळत नाही.

ड्रोनचं विचारतात म्हणून एवढंच, दाबोळीला नौदलाचा तळ आहे आणि मोपालाही विमानतळ आहे, त्यामुळे सरकारच्या डिजिटल स्काय साइटवरचा ड्रोनचा नकाशा बघितल्याशिवाय कुणाला ड्रोनचं कबूल करू नका.

सेकंडहँड घेताना

आपल्याकडे सेकंडहँड लेन्स घेताना पहिला शत्रू फंगस. पावसाळाभर हवेत एवढा ओलावा असतो की कपाटातली चामड्याची चप्पल पांढरी पडते, तीच बुरशी लेन्सच्या आतल्या काचांवर चढते. तपासायची पद्धत अशी: दोन्ही झाकणं काढा, अपर्चर पूर्ण उघडं ठेवा, मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा किंवा कापसासारखे ठिपके दिसले तर स्वस्त देतोय म्हणूनसुद्धा घेऊ नका. साफ करून मिळते पण फंगसने कोटिंग खाल्लेलं असलं तर डाग राहतात, उजेडाकडे तोंड केलं की फोटो धुरकट येतो. धुळीचे दोन-चार कण असले तर काही बिघडत नाही.

मग झूमची रिंग फिरवून बघा कुठे अडकते का, आत वाळू करकरते का, विशेषतः बीचवर काम केलेल्या लेन्समध्ये. माउंटचे धातूचे पॉइंट बघा, हिरवट गंज म्हणजे खाऱ्या हवेचा किंवा पाण्याचा प्रसाद. बॉडीचा शटर काउंट विचारा आणि स्वतः तपासा. ५डी मार्क थ्री आणि डी७५० चं शटर दीड लाख क्लिकना रेट केलेलं आहे, ए७ थ्रीचं दोन लाखांना, त्यापुढेही चालतं पण किंमत त्या हिशोबाने उतरवून मागा. एफ १६ लावून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग दिसतात. दोन्ही स्लॉटमध्ये स्वतःचं कार्ड घालून बघा, हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फ्लॅशची खाच) फ्लॅश लावून उडवून बघा, स्क्रूंवर खरचटलेलं असेल तर कुणीतरी उघडलाय. बिल मागा, सिरियल नंबर बिलाशी जुळवा, पुढे विमा काढायचा झाला तर तेच लागतं.

कार्ड, बॅटरी, बॅकअप

२४ मेगापिक्सेलची कॉम्प्रेस्ड रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल साधारण २५ ते ३० एमबी धरा, दोन हजार फोटो म्हणजे पन्नास-साठ जीबी. म्हणून ६४ जीबीच्या दोन जोड्या किंवा १२८ ची एक जोडी आणि एक राखीव. कार्ड ओळखीच्या दुकानातून बिल घेऊन घ्या, डुप्लिकेट फार फिरतात, आणि आणल्यावर एकदा पूर्ण भरून परत कॉपी करून बघा, खोटं असेल तर तिथेच कळतं. मिररलेसला मोठ्या बॅटऱ्या असल्या तर तीन-चार, छोट्या असल्या तर सहा.

घरी आल्यावर झोपायच्या आधी कॉपी. तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या डिस्कवर आणि एक घराबाहेर, भावाकडे किंवा क्लाउडवर. कार्ड फॉरमॅट करायचं ते अल्बम देऊन झाल्यावर, निदान तिन्ही प्रती उघडून बघितल्यावर.

ओलावा, हळद, रोस

सामान कॅमेरा बॅगेत साठवू नका, बॅग फक्त न्यायला-आणायला. ड्राय कॅबिनेट घ्या आणि आतली आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा, त्याहून फार खाली नेली तर रबर आणि आतलं ग्रीस सुकतं. कॅबिनेटला पैसे नसतील तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर; निळे दाणे गुलाबी झाले की गरम करून परत वापरायचे. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतो तेव्हा चार महिने बंद पडलेली लेन्स बाहेर काढायची आणि त्याच दिवशी कामाला न्यायची असं करू नका, पावसाळ्यातही दर आठवड्याला बाहेर काढून चालवा.

नवरीची तयारी एसी रूममध्ये असते आणि मंडप बाहेर गरम दमट हवेत. गार लेन्स बाहेर आली की काचेवर वाफ धरते आणि पुसून परत धरते, वीसेक मिनिटं काही दिसत नाही. म्हणून मंडपात लागणारा कॅमेरा एसीत नेऊच नका, तो बाहेर कुणाजवळ तरी ठेवा, किंवा निघायच्या अर्धा तास आधी बंद बॅगेतच बाहेर आणून ठेवा.

हळदीला हळदीचं पाणी उडतं, ख्रिश्चन घरात लग्नाआधीच्या रोस विधीला नारळाचा रस डोक्यावर ओततात आणि नंतर सगळेच भिजतात. दोन्हीकडे पुढे एक साधा यूव्ही फिल्टर, बॉडीवर रेनकव्हर, आणि फार जवळ जायला लागू नये म्हणून ८५ लेन्स. रस वाळला की चिकटतो, लगेच ओल्या मऊ कापडाने पुसून घ्या.

विकत घ्यायचा क्रम

शंभर रुपये असतील तर साधारण चाळीस बॉडीला, पस्तीस लेन्सला, पंधरा फ्लॅश-ट्रिगरला, दहा कार्ड-बॅटरी-डब्याला, असं मी वाटेन. पहिल्या टप्प्यात दोन स्लॉटची सेकंडहँड बॉडी, एफ २.८ ची झूम, एक स्वस्त प्राइम, एक फ्लॅश. दुसरी बॉडी आणि ७०-२०० भाड्याने. मुख्य जबाबदारी लगेच अंगावर घेऊ नका, एखाद्या अनुभवी माणसाबरोबर सेकंड शूटर म्हणून कँडिड (नकळत टिपलेले) फोटो काढा, ट्रॅडिशनलवाला (उभं करून ठरलेले फोटो काढणारा) कसा उभा राहतो ते बघा. तुमचे फोटो बघा, कुठल्या फोकल लेन्थला सगळ्यात जास्त आलेत ते एडिटिंग सॉफ्टवेअर दाखवतं, पुढची लेन्स त्यावरून ठरवा. दुसऱ्या टप्प्यात त्याच माउंटची दुसरी बॉडी आणि दुसरा फ्लॅश, मग कामं कुठली येतायत ते बघून लांबची लेन्स.

लग्नाच्या आदल्या रात्री सगळ्या बॅटऱ्या चार्ज, कार्डं कॅमेऱ्यातच फॉरमॅट, आणि दोन्ही बॉडींची तारीख-वेळ सेकंदाला जुळवून ठेवा, नाहीतर दोन कॅमेऱ्यांचे फोटो एकत्र लावताना सप्तपदी मंगलाष्टकांच्या आधी येते आणि हाताने क्रम लावत बसावं लागतं.